जमिनीखालची बोली

३ मे

ही वही केनेवेला पत्र लिहायला घेतली होती. तीनदा 'प्रिय केनेवे' लिहिलं आणि तिन्ही पानं फाडली. मिशनच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातही निम्मा वेळ मेंढरांमागे, त्यामुळे गोड कसं लिहायचं ते कुणी शिकवलंच नाही. पण राग लिहायला घेतला की पेन थांबत नाही, हे आज कळलं. विस्की म्हणतो, "माणसं बडवण्यापेक्षा कागद बडव. कागद साहेबाकडे तक्रार घेऊन जात नाही." विस्की मलावीचा. आमच्याच टोळीत ड्रिल चालवतो आणि दिवसभर फिदीफिदी हसतो.

आज मला मुकादम केलं. तात्पुरता. आधीच्या मुकादमाला खोकल्यापायी खाणीतून वर पाठवलं. मग फेंटर साहेबाने सगळ्या टोळीच्या तोंडावरून दिवा फिरवला आणि माझ्यावर आणून थांबवला. "वेना," म्हणाला. म्हणजे तू. बस, एवढंच. हिवाळाभर, म्हणजे ऑगस्टपर्यंत, काम दाखवलं तर कायम करणार.

बाविसाव्या वर्षी मुकादम! आमच्या मोखोतलोंगच्या डोंगरातला एक पोरगा दाखवा या वयात झालेला. मग राग कशाचा? संध्याकाळी खोलीत सांगितलं, तर खोलीप्रमुख सेआबाताबाबा म्हणाले, "बरं झालं. आता हाताखाली मोठी माणसं येतील. तोंड धुऊन खाली जात जा." सगळे हसले. शाबास नाही, काही नाही. तोंड धुऊन म्हणे!

६ मे

खाली खाणीत गेलो की मी वेगळा असतो, आणि मला तोच आवडतो. एकदाचं लिहून टाकतो.

आमच्या भाषेत तोंड उघडायचं तर आधी समोरच्याचं वय बघावं लागतं. मग त्याच्या गुरांची चौकशी, पावसाची चौकशी, मग आपलं काम, तेही असं की आपलं नाहीच, कुणा दुसऱ्याचं आहे. घरी मी सगळ्यांत धाकटा. माझं प्रास्ताविक संपेपर्यंत थोरले भाऊ जेवून उठलेले असायचे. गावात मला मुका म्हणायचे. नाव पोतलाको, म्हणजे घाई, आणि घाई असलेल्या माणसाला बोलायची पाळीच येत नाही!

फनगालो ही खाणीची बोली. आल्या आल्या वर्गात बसवून शिकवतात. मास्तर फावडं दाखवतो, आपण सगळ्यांनी फावडं म्हणून ओरडायचं. मग उचल. ठेव. ओढ. पळ. थांब. 'जमलं तर', 'हरकत नसेल तर' असलं काही मास्तरने शिकवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. झुलू, म्पोंडो, मलावीवाले, आम्ही बसोथो, वर गोरे साहेब, सगळ्यांची खाली हीच बोली, आणि तिच्यात सगळेच वेना. साठीचा असो नाहीतर विशीचा.

मला ती मापाने शिवल्यासारखी बसली. तिसऱ्या दिवशी मी ओरडलो "चेचा!", म्हणजे चल लवकर, आणि माझ्या दुप्पट आडवा म्पोंडो गडी खरोखर पळाला. त्या दिवशी कळलं की मी मुका नव्हतोच. माझी भाषा मुकी होती.

११ मे

फेंटर साहेबाला वाटतं त्याला माणसं कळतात. आज खाली नेणाऱ्या पिंजऱ्याची वाट बघताना मला शिकवत होता. "बसोथो टणक. म्पोंडो लबाड. शांगान ऐकणारे. मलावीवाले माकडं." वीस वर्षांचा अनुभव आहे म्हणे.

माकडं! विस्कीला त्याने रविवारी बघावं. आम्हा कामगारांच्या खोल्यांच्या कंपाउंडमागे मलावीवाल्यांची प्रार्थना भरते, तिथे विस्की काळा कोट घालून उभा असतो आणि असा संथ, असा जड बोलतो की पाखरं गप्प बसतात. त्याच्या माणसांत तो म्हातारा न्यायाधीश आहे. फनगालोत त्याला विनोदाशिवाय काही जमत नाही म्हणून हसतो. मी त्याला एकदा विचारलं, यातला खरा कोण? म्हणाला, "दोघांचे बूट एकच आहेत."

आणि फेंटर आम्हाला कुठे तोलतो? ज्या बोलीत जा, ये, उचल एवढंच आहे तिथे. तिथे लबाड तरी कसा ओळखणार आणि साधू तरी कसा? डोकं फिरतं. पण मी म्हणालो, "होय बास." बास म्हणजे मालक. टणक म्हणाला ना मला.

१४ मे

आज खरा दणका. विंचवर नवा माणूस आला, आणि तो कोण? मकालोबाबा. केनेवेचे वडील!

विंच म्हणजे तारेच्या दोराने लोखंडी खोरं ओढायचं यंत्र. फोडलेला दगड त्याने चरातून खाली खेचतात. बसून करायचं काम, म्हणून वय झालेल्यांना देतात. मकालोबाबा दुसऱ्या टोळीत होते तेच बरं होतं. मी फेंटरला म्हणालो, हा माणूस नको. तो हसला. "म्हाताऱ्याने स्वतः मागून घेतलंय."

स्वतः! म्हणजे होणाऱ्या जावयाच्या सावलीत आरामात बसायचा बेत. आता मी त्यांना चेचा म्हणू? नाही म्हटलं तर टोळी म्हणेल मुकादम सासऱ्याला भितो. म्हटलं तर केनेवे गेली. आमच्यात ज्याची मुलगी मागायची त्याच्यासमोर माणूस नीट जेवतसुद्धा नाही, आणि मी त्यांना जमिनीखाली हाकलायचं. आणि तेही अजून मागणी घालायची आहे, काकांनी अजून मागणी घेऊन निघायला घोंगडी झटकलेली नाही.

१६ मे, रविवार

मकालोबाबा आमच्याच खोलीत राहतात, त्यांचा सख्खा भाचा त्लाली पण. बघून बघून चीड येते. त्लालीला: "ऊठ. पाणी आण. ते भांडं घास." मला: "पोतलाको, कुणी बाहेर निघालंच असेल, तर वाटेत नळ लागतो, असं म्हणतात." अरे, सरळ सांगा ना पाणी आण! दोन वर्षं झाली मी केनेवेसाठी यांच्या पुढेपुढे करतोय, आणि अजून मी यांना परगावचा पाहुणा. सरदाराच्या दूताशी बोलावं तसं बोलतात माझ्याशी. त्यांच्या तोंडून मला एक सरळ शब्द मिळाला असेल तर शपथ.

मी त्लालीला म्हणालो, "तुझा मामा माझ्याशी असा का बोलतो?"

"मान देतो तुला."

"मान नको. भांडं दे घासायला."

"वेडा आहेस," त्लाली म्हणाला.

१९ मे

ओरडलो. व्हायचं ते झालं.

सुरुंगाची वेळ जवळ आली होती, चरात दगड तसाच, वर फेंटर घड्याळ दाखवतोय. मकालोबाबा दोराला हात लावून लावून बघत बसलेले. मी म्हणालो, "वेना! चेचा! ओढ! झोपलास का?" आणखीही काही म्हणालो. फनगालोत शिव्या भरपूर आहेत, तेवढ्या मास्तरने न शिकवता येतात.

त्यांनी मान खाली घातली आणि विंच चालू केलं. दगड वेळेत निघाला. फेंटर म्हणाला शाबास. सगळ्या टोळीने माझ्याकडे असं बघितलं जसा मी थडग्यावर बसून जेवतोय.

२० मे

खोलीत माझ्यावर पंचायत बसवली! मकालोबाबांनी तक्रार केली नव्हती, ते कोपऱ्यात पाइप साफ करत बसले होते. खोलीनेच बसवली. सेआबाताबाबा कॉटवर पाय खाली सोडून बसले आणि म्हणाले, "या खोलीत असं ऐकू आलंय, की डोंगराकडच्या एका मुलाने बापाच्या वयाच्या माणसाला काही म्हटलं."

मी म्हणालो, "खाली म्हटलं, वर नाही. खाणीतलं खाणीत राहतं, हा तुमचाच नियम."

"दगड राहतो खाली. तू वर आलास ना?"

"ते मी बोललो नाही, बाबा. ती बोलीच तशी आहे. तिच्यात दुसरं काही म्हणता येत नाही. तुम्ही बोलून बघा, तुम्ही पण तसेच व्हाल. बोलली ती फनगालो, मी नाही."

मला वाटलं, जिंकलो.

सेआबाताबाबा म्हणाले, "असं. मग मुकादम कुणाला केलं रे? फनगालोला?"

इतके हसले सगळे, की शेजारच्या खोलीतले दारात आले. दंड म्हणून महिनाभर खोलीची भांडी घासायची. घ्या, मिळालं भांडं. आणि मकालोबाबा काय म्हणाले माहीत आहे? "मुलाचे हात गार पाण्यात फुटतील, पाणी कुणी तापवलं तर बरं." मला कणव नको होती! एक मुस्काटात मारायची होती, प्रकरण मिटलं असतं.

केनेवेला हे सगळं कळणार. त्लालीची जीभ काय तिच्या गावापर्यंत पोचत नाही?

२९ मे, शनिवार

पाळी संपवून वर आलो तर फेंटरची बायको गाडी घेऊन फाटकाशी, आणि बरोबर मुलगी, एवढीशी, दात पडलेली. फेंटर तिच्यासमोर चक्क उकिडवा बसला. धुळीत. आणि त्यांच्या भाषेत तिच्याशी बोलायला लागला. मला ती भाषा थोडी समजते. गाडीत बसणार का, असं विचारत होता तिला. विचारत होता! ती नाही म्हणाली. मग त्याने परत विचारलं, वेगळ्या तऱ्हेने. आवाज कसा, कोमट दूध.

तेवढ्यात मी दिसलो, तर तिथूनच, उकिडवा असतानाच: "वेना! काय बघतोस? हंबा!" म्हणजे चालता हो. मुलगी दचकली. बापाकडे असं बघायला लागली जसा तो आत्ता आत्ता आलाय.

मी चालता झालो. पण फाटकापासून खोलीपर्यंत मला एवढा संताप का आला होता ते कळत नाही. माझ्याशी तर तो रोज असाच बोलतो.

९ जून

थंडी जबर. नळावर बर्फ. भांडी घासून बोटं सुजली आहेत. पाणी रोज कोणीतरी तापवून ठेवतं, त्लाली असेल.

आज पुन्हा म्हाताऱ्याने वेळ खाल्ला. पाळी सुरू होताना विंचपाशी मला थांबवलं आणि आमच्या भाषेत सुरू केलं, खाली, सगळ्या टोळीदेखत. "पोतलाको, माझ्याकडे एक काळा बैल होता. त्याचा दोर जुना झाला, केस फुटले त्याला, माझ्या दाढीसारखे. त्या सकाळी मला वाटलं, आज बैलाला घरीच ठेवावं का. मोठे लोक ठरवतील ते खरं." आणि दोरावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

दगड वाट बघतोय, फेंटर वर पाय आपटतोय, आणि यांना बैल आठवतोय! उद्या गाईचं सांगतील. मी म्हणालो, "विंच. चालू. चेचा." त्यांनी चालू केलं. आज आम्ही सगळ्या टोळ्यांच्या पुढे होतो. असंच चाललं तर हिवाळा संपता संपता मी कायम.

१५ जून, खाणीचं हॉस्पिटल

लिहायला आज बसता आलं. डावा पाय नडगीत मोडला आहे. मांडीपर्यंत प्लास्टर.

परवा नाही, त्याआधी, शुक्रवारी दोर तुटला. मी चरात उतरलो होतो, अडकलेला दगड ढकलायला. विंच चालू असताना चरात उतरायचं नसतं, ते मला माहीत आहे, कुणी शिकवायला नको. पण थांबवलं असतं तर वेळ गेला असता. मीच ओरडलो, ओढ! आणि म्हाताऱ्याने ओढला. दोर तुटून असा परत आला, जसा साप. पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग आठवतं ते एवढंच, की मकालोबाबा चरात माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

मारलं मला त्या माणसाने! दोर खराब आहे हे त्यांना दिसत होतं, तर गप्प का बसले? थांब म्हणायला काय लागतं? एक शब्द. फनगालोत तो पहिल्याच दिवशी शिकवतात. थांब, दोर तुटतोय, असं माझ्या तोंडावर ओरडले असते तर मी थांबलो नसतो का? थांबलो असतो. फेंटर ओरडला की मी थांबतोच. बैल म्हणे. दाढी म्हणे.

मागचं पान मी उलटलेलं नाही. उलटायची गरज नाही.

१८ जून

विस्की आला होता, संत्री घेऊन. हसत नव्हता.

चौकशी बसणार आहे. विंचवाल्याने दोर बघायचा असतो आणि खराब असेल तर मुकादमाला सांगायचं असतं, असा कायदा. सांगितलं असेल तर चूक मुकादमाची. नसेल सांगितलं तर विंचवाल्याची, आणि मग त्याला घरी पाठवतात, पुन्हा कुठल्याही खाणीत घेत नाहीत. मकालोबाबांना आधीच बोलावून विचारलं. सांगितलंस का, हो की नाही?

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नाही म्हणाले."

"नाही?"

"नाही. मी सांगितलं नाही, असं म्हणाले. मी तिथे होतो, पोतलाको. टोळीतल्या तुझ्या भाषेच्या सगळ्यांनी तो बैल ऐकलाय. मला तुमची भाषा येत नाही, तरी मला कळलं की म्हातारा दोराबद्दल बोलतोय. हात दोरावर होता त्याचा."

मी संत्रं भिंतीवर फेकलं. विस्कीने उचललं, पुसलं आणि स्वतः खाल्लं.

१९ जून

फेंटर येऊन गेला. खुर्ची ओढून बसला, म्हणजे काम असणार. म्हणाला, म्हाताऱ्याने कबूल केलंय, आता तू फक्त नाही म्हण. मग दोर का बदलला नव्हता, कुणी बदलायचा होता, असले प्रश्न वर जाणार नाहीत. पाय बरा झाला की मुकादम, कायमचा. "तू टणक आहेस. बसोथो टणकच." माझ्या प्लास्टरवर त्याने टिचकी मारली.

खोटं कुठे बोलायचंय? त्यांनी 'दोर बदला' म्हटलं नाही. हे खरं आहे. बैलाला घरी ठेवावं का म्हणाले. फनगालोत विचाराल तर त्यांनी मला काही सांगितलं नाही, देवाशपथ.

आमच्या भाषेत विचाराल तर माझ्या आईलासुद्धा कळलं असतं.

पण आमच्या भाषेत विचारतंय कोण?

२१ जून

मकालोबाबांना कामावरून बसवलंय. रोज दुपारी घोंगडी पांघरून हॉस्पिटलच्या आवारातल्या नळाशी येऊन बसतात. आत येत नाहीत. खिडकीतून मला टोपी दिसते. नर्स म्हणते, तुझे वडील का, आत बोलवू? मी म्हणालो, माझे कुणी नाहीत.

आत या ना! या आणि शिव्या द्या. नाही म्हणून मला वाचवायला कोणी सांगितलं होतं? आता जन्मभर यांच्या उपकारात राहायचं, त्यांनी डोंगरात शेळ्या राखायच्या आणि मी इथे त्यांच्या जिवावर मुकादम. हाही मानच का? असला मान घालायचा कुठे!

२४ जून

त्लाली आला. माझ्याकडे बघायला तयार नाही. म्हणाला, मामाची पेटी बांधून ठेवलीय, चौकशी झाली की जातील.

मी म्हणालो, "त्यांना कोणी माझ्या टोळीत यायला सांगितलं होतं? आराम हवा होता ना?"

मग त्याने बघितलं. "आराम? त्यांच्या जुन्या टोळीत ते दारूगोळ्याचं कोठार सांभाळायचे. उबेत, खुर्चीवर. ते सोडून तुझ्याकडे आले. मुलगी द्यायची तर माणूस राबताना बघावा, म्हणाले. घरी तर सगळेच गोड असतात."

म्हणजे मी मुकादमकी करत होतो आणि तिथे विंचवर बसून माझी परीक्षा चालली होती! पहिल्या दिवसापासून! झोपलास का म्हणालो तेव्हाही! आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी नीट वागलो असतो.

"म्हणूनच नाही सांगितलं," त्लाली म्हणाला. आणि जाताना: "भांड्यांचं पाणी तेच तापवायचे. मी नाही."

२८ जून

चौकशी झाली. कुबड्या घेऊन गेलो. टेबलामागे तीन साहेब, बाजूला फेंटर, आणि दुभाष्या म्हणून कंपाउंडचा कारकून, आमच्याच मुलखाचा, टाय लावलेला. मकालोबाबा भिंतीशी उभे, टोपी हातात.

मधल्या साहेबाने फनगालोत विचारलं. विंचवाल्याने दोराचं सांगितलं? हो की नाही?

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. फेंटर माझ्याकडे बघून मान हलवत होता, टणक, टणक. आणि मला एकदम त्याची ती दात पडलेली मुलगी आठवली, दचकलेली. का ते माहीत नाही. तोंडातून शब्द आला तो आमच्या भाषेतला. 'न्ताते', म्हणजे बाबा.

साहेब म्हणाला, नीट बोल. मी थांबलो नाही. आयुष्यात कधी बोललो नाही एवढं बोललो, तेही आमच्या भाषेत, आणि सुरुवातीला त्यांच्या गुरांचीसुद्धा चौकशी केली. काळ्या बैलाचं सांगितलं. दोराला केस फुटले होते ते सांगितलं. म्हणालो, या माणसाने मला सरदाराला सांगावं तसं सांगितलं आणि मी कुत्र्याला हाकलावं तसं त्याला हाकललं. ऐकलं नाही असं नाही, ऐकलं, समजलं, आणि घाई होती म्हणून टाकून दिलं. चरात मी आपल्या पायाने उतरलो. ओढ म्हणून मीच ओरडलो. ते 'नाही' म्हणाले कारण ते कुणाच्या मुलाला भरल्या घरात खाली बघायला लावत नाहीत. माझा आवाज फाटला. नाक वाहत होतं. कुबड्या सोडून पुसता येईना.

साहेबाने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने टायची गाठ नीट केली.

"येबो," म्हणाला. म्हणजे हो.

एवढंच! मी कुबडी उचलणार होतो त्याच्यावर. पण साहेबाने तेवढंच लिहून घेतलं, त्यांना तेवढंच हवं होतं.

१ जुलै

निकाल. मकालोबाबा विंचवर परत. मुकादमाचं ऐकलं म्हणून ताकीद मात्र त्यांनाच, ते वेगळंच. दोर सगळीकडचे बदलणार आहेत. फेंटर माझ्याशी बोलत नाही. माझी मुकादमकी गेली. पाय बरा झाला की फावडं.

आणि नवा मुकादम कोण? विस्की! मी म्हणालो, तू हसवून माणसं हाकणार का? तो म्हणाला, "बघू. मी खाली पण तो कोट घालून जातो की काय."

वीस वर्षांचा अनुभव असलेल्या फेंटरने निवडलंय त्याला. माकडांतून.

४ जुलै, रविवार

काल खोलीत परत आलो. माझी कॉट दाराशी होती ती चुलीजवळ सरकवलेली. सेआबाताबाबांनी फक्त भांड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "महिना संपायला दिवस उरले होते, ते पाय बघून सोडले."

आज जेवायच्या वेळी मी माझी थाळी घेऊन, रीतीप्रमाणे, मकालोबाबांना पाठमोरा उभा होतो कोपऱ्यात, कुबड्यांवर. त्यांच्यासमोर बसून कसा जेवणार? आणि मागून आवाज आला.

"बस."

मला वाटलं, त्लालीला. वळून बघितलं नाही.

"पोतलाको. बस."

खोलीतले चमचे थांबले. मी वळलो. मकालोबाबा माझ्याकडेच बघत होते, पाइप हातात. बैल नाही, पाऊस नाही, कुणी म्हणतं वगैरे काही नाही. मी कॉटवर बसलो, दुसरं काय करणार, पाय दुखत होता.

"पाय वर घे."

घेतला.

"तुझ्या काकाला निरोप धाड. मका कापून झाला की माझ्या घरी ये म्हणावं."

सेआबाताबाबांना हसू आलं ते थांबेना, शेवटी डोळे पुसायला लागले. त्लाली तर उठून बाहेर गेला. यात हसण्यासारखं काय आहे? खाली, खाणीत, एवढं झालं तरी या माणसाने मला एक वाकडा शब्द कधी ऐकवला नाही, आणि आता वर, आपल्या भाषेत, सगळ्या खोलीदेखत, हुकूम! त्लालीला सोडतात तसे! काकाला निरोप धाडतो, तो धाडणारच, पण एवढं तोडून बोलायची काय गरज होती?

मी तसं म्हणालोही. "मी काय तुमचा नोकर आहे का?"

"नाहीस," मकालोबाबा म्हणाले. "खा. गार होतंय."

उत्तर द्यायचं होतं, चांगलं तयार होतं जिभेवर. पण तोंडात घास होता.